अंगावरून वारं गेल्यावर मनाचं काय?

आपल्या बीड जिल्ह्यात अर्धांगवायूला कुणी अर्धांगवायू म्हणत नाही. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कुणी लकवा म्हणतात. डॉक्टर लोक पॅरालिसिस म्हणतात, स्ट्रोक म्हणतात. नावे कितीही असोत, ज्या घरात हा आजार शिरतो त्या घराची सगळी नजर एका हातावर आणि एका पायावर खिळते. बोट हललं का? पाऊल उचललं का? तोंड सरळ झालं का? येणारा-जाणारा पाहुणाही हेच विचारतो. त्या माणसाच्या मनाचे काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. या लेखात मला तेवढेच विचारायचे आहे.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो, कारकुनी करतो, आणि उरलेल्या वेळेत वस्तीतल्या लोकांचे रेशनचे, दाखल्यांचे, दवाखान्याचे कागद करून देतो. त्यामुळे दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्याचे प्रसंग माझ्यावर इतरांपेक्षा जास्त येतात. तिथे जे पाहिले, ऐकले आणि नंतर वाचून पडताळले, ते आपल्या माणसांपुढे मांडतो.

माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर दर रविवारी विहारात बसून ते पेपर वाचून दाखवायचे. ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या बायामाणसांना त्यांनी ती सवयच लावली होती. २०२३ च्या जानेवारीत एका पहाटे त्यांचा उजवा हात आणि पाय गळाला, जीभ जड झाली. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही त्याच बाजूला असते. म्हणून हात, पाय आणि बोलणे तिन्ही एकदम गेले. वेळेवर दवाखाना मिळाला, जीव वाचला. दोन महिन्यांत दादा काठी धरून अंगणापर्यंत जाऊ लागले, तोडकेमोडके का होईना बोलू लागले. सगळे म्हणाले, मोठे संकट टळले.

आणि नेमके त्याच वेळी दादा विझत गेले. व्यायाम करून घ्यायला मुलगा आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. रात्री तीनला जागे होऊन आढ्याकडे बघत राहायचे. पुढे ठेवले ते खायचे, नाही ठेवले तर मागायचे नाहीत. पेपर रोज यायचा आणि घडी न मोडता उशाशी पडून राहायचा. नातू मांडीवर बसला तरी हात उचलला जात नव्हता, चांगला डावा हातसुद्धा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, “भाऊजी, माणूस घरात हाय, पण घरात न्हाई.” यापेक्षा नेमके वर्णन मी पुढे कुठल्या पुस्तकातही वाचले नाही.

आता लोक काय म्हणाले ते सांगतो, कारण ते फक्त आमच्याच घरात म्हटले जात नाही.

पहिला गट जुना. कुणीतरी करणी केली, नजर लागली, अमक्या गावाला एक माणूस आहे तो उतरवून देतो. एकाने तर कबुतराचे रक्त अंगाला चोळायला सांगितले. या लोकांना आमच्या दारातूनच परत पाठवले गेले. ज्या दादांनी जन्मभर या गोष्टींना विरोध केला, त्यांच्या अंगाला कबुतराचे रक्त कोण लावू देणार?

दुसरा गट शिकलेला. त्यात आपले चळवळीतले कार्यकर्तेही आले. “दादा, मन खंबीर ठेवा.” “एवढं आयुष्य झगडलात आणि आता हातपाय गाळता?” “व्यायाम करायचा कंटाळा करायलेत.” हे बोलणे प्रेमाचे होते, पण दादा प्रत्येक वेळी आणखी आत जायचे. मला वाटते, या बोलण्यातही एक अंधश्रद्धाच आहे. भूत उतरवणाऱ्याला वाटते, मनात बाहेरून कुणीतरी शिरले. खंबीर व्हा म्हणणाऱ्याला वाटते, मन हे शरीराच्या बाहेर कुठेतरी राहते आणि हुकूम दिला की उठून उभे राहते. मन मेंदूत चालते, आणि इथे जखम मेंदूलाच झालेली आहे, ही साधी गोष्ट दोघेही विसरतात. पाय मोडलेल्या माणसाला आपण ‘पायाला जरा खंबीर ठेव’ असे म्हणतो का?

तिसरा गट समजूतदार. तो म्हणतो, “अहो, हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. मग माणूस दुःखी होणार नाही तर काय?” हे ऐकायला खरे वाटते, आणि थोडे खरे आहेही. पण याच वाक्याने उपचार थांबतो. दुःख साहजिक आहे म्हटले की त्याला औषध लागत नाही, फक्त काळ लागतो, असे सगळे धरून चालतात.

या तिसऱ्या गटाला उत्तर मला एका जुन्या अभ्यासात मिळाले. १९७७ साली अमेरिकेतल्या फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन प्रकारचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. एका बाजूला अर्धांगाचे २० रुग्ण, दुसऱ्या बाजूला हाडांच्या आजाराने तितकेच लुळे झालेले १० रुग्ण. परावलंबन दोघांचेही सारखे. नुसत्या अपंगत्वाने माणूस खचत असता, तर दोन्हीकडे प्रमाण सारखे यायला हवे होते. पण हाडांच्या रुग्णांत १० पैकी १ जण उदासीनतेच्या आजारात सापडला आणि अर्धांगाच्या रुग्णांत २० पैकी ९. अभ्यास लहान होता, तेवढ्यावर शेवटचा निकाल लावता येत नाही. पण प्रश्न मात्र कायमचा उभा राहिला. हात दोघांचेही गेले होते; मग अर्धांगवाल्यांत असे वेगळे काय होते? वेगळी होती ती मेंदूतली जखम.

ही जखम काय करते, ते मला समजले तसे सांगतो. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वरच्या अंगाला, पेशींचे काही छोटे पुंजके असतात. सिरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन, डोपामिन अशी रसायने तिथल्या पेशी तयार करतात. झोप, भूक, उत्साह, एखाद्या गोष्टीत गोडी वाटणे, हे सारे चालवण्यात या रसायनांचा मोठा हात असतो. या पेशींचे लांबच लांब धागे साऱ्या मेंदूत, पार कपाळामागच्या भागापर्यंत गेलेले असतात. दादा कंडक्टर होते म्हणून एसटीचेच उदाहरण घेऊ. अंबाजोगाईहून गाडी निघाली आणि मधला पूल वाहून गेला, तर डेपो शाबूत असतो, गाडी शाबूत असते, पुढची गावेही शाबूत असतात. पण गाडी पोचत नाही आणि लोक फाट्यावर वाट पाहत बसतात. अर्धांगात रक्ताअभावी मेंदूचा जो तुकडा मरतो, त्यातून असे धागे जात असतील तर त्यांच्या पुढच्या भागाला ही रसायने कमी पडतात.

एवढेच नाही. जखमेभोवती सूज येते. शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि तिने सोडलेली द्रव्ये सिरोटोनिन तयार होण्याच्या कामात अडथळा आणतात. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो. काही रुग्णांत तो लवकर खाली येत नाही. आणि ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो, त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या मोठा झटका येण्याच्या आधीपासूनच खराब होत आलेल्या असतात. म्हणजे पूल वाहून जाण्याआधीच रस्त्यावर खड्डे पडलेले असतात.

मेंदूत ‘इथे जखम झाली की उदासी येते’ असा एकच ठिपका आहे का, यावर शास्त्रज्ञांचा वाद पुष्कळ चालला. १९८० च्या दशकात रॉबिन्सन यांच्या अभ्यासांवरून डाव्या बाजूचा पुढचा भाग हीच ती जागा असे मानले जाऊ लागले. २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने यातून वाट काढली. जखमा वेगवेगळ्या जागी असतात, पण उदासी आलेल्यांच्या जखमा मेंदूतल्या एका सामायिक जाळ्याशी जोडलेल्या दिसतात, आणि त्या जाळ्याचे एक ठाणे डाव्या कपाळामागे आहे, असे त्यात आढळले. आपल्याला यातून एवढेच घ्यायचे की हा आजार कुणालाही होऊ शकतो. उजवी बाजू गेली म्हणून होईलच असे नाही, आणि डावी गेली म्हणून टळला असेही नाही.

किती जणांना होतो? जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर अर्धांगातून वाचलेल्या साधारण दर ३ जणांपैकी १ जणाला. आणि अर्धांग हा काही शहरातल्या खात्यापित्या लोकांचाच आजार नाही. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने झालेल्या नोंदणीत २५ वर्षांवरील दर एक लाख लोकांत वर्षाला १४५ जणांना नव्याने अर्धांग झालेले आढळले. तिकडे गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्याखेड्यांतून मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर ७ मृत्यूंपैकी १ मृत्यू अर्धांगाने झालेला निघाला. गडचिरोलीची खेडी आणि आपली खेडी यांत फार अंतर नाही. तंबाखू तीच, न तपासलेला रक्तदाब तोच.

असे असून दादांना घरी सोडताना दवाखान्याने दिलेल्या कागदावर रक्तदाबाची गोळी होती, रक्त पातळ ठेवण्याची होती, चरबीची होती, व्यायाम लिहिलेला होता. मनाविषयी एक ओळ नव्हती. पुढे तपासणीला गेलो तेव्हा विचारले, तर उत्तर मिळाले, “या वयात असं होतंच.” हिशेबाच्या वहीत एक रकाना कोराच सोडला, तर वही जुळेल कशी?

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे ठरले तेव्हा घरातच अडचण उभी राहिली. पुतणीच्या सोयरिकीचे बोलणे चालू होते. पुतण्या म्हणाला, “काका, वेड्याच्या डॉक्टरकडं बाबांना नेलं हे कळलं तर पाहुणे काय म्हणतील?” त्याची भीती खोटी नव्हती. आपल्या समाजात शिकलेल्या घरांतही ती आहे. मी त्याला एवढेच विचारले, “बाबांच्या हृदयाला झटका आला असता तर हृदयाच्या डॉक्टरकडं लपूनछपून नेलं असतंस का?” तो गप्प बसला. दोन दिवसांनी गाडीची व्यवस्था त्यानेच केली.

डॉक्टरीणबाईंनी दादांशी घाई न करता बोलायला सुरुवात केली. दादांना शब्द सापडत नव्हते, तर हो किंवा नाही अशी मान हलवून चालेल म्हणाल्या. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असे होते का? झोप लागते का? आपण घरच्यांना भार झालो असे वाटते का? जगूच नये असे वाटते का? शेवटच्या प्रश्नाला दादांनी हो म्हणून मान हलवली. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. घरातल्या एकालाही तोपर्यंत हे माहीत नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

त्यांनी आणखी एक भेद समजावून दिला. काही रुग्णांना पाहुणा दिसला की एकदम रडू कोसळते आणि मिनिटभरात थांबते, किंवा कारण नसताना हसू येते. ते दरवेळी दुःखाचे रडू नसते. भावना आवरणाऱ्या मेंदूच्या मार्गांना इजा झाल्यानेही असे होते. त्यावरही उपचार आहे. उलट खरी उदासी कधी कधी डोळ्यांतून एक टिपूसही न काढता बसते. ज्याची वाचा गेली आहे तो तर सांगूही शकत नाही. त्याची झोप, भूक, व्यायामाला नकार, माणसांकडे पाठ फिरवणे, यावरून घरच्यांनीच ओळखायचे असते.

औषध सुरू झाले. ते आज घेतले आणि उद्या बरे वाटले असे नसते. गुण दिसायला काही आठवडे जातात, आणि मधेच आपल्या मनाने बंद करायचे नसते. बाई म्हणाल्या, औषधाबरोबर रोज थोडे चालणे, रोज कुणीतरी येऊन बसणे आणि दादांना जमेल असे एक काम देणे, हेही औषधच आहे. वहिनींनी डाव्या हाताने शेंगा फोडायचे काम दिले.

दीड महिन्याने एका दुपारी दादांनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, “आळणी.” रक्तदाबामुळे घरात मीठ कमी केले होते. तीन महिने त्यांनी ती आळणी भाजी एका शब्दाने तक्रार न करता खाल्ली होती. वहिनींनी मला फोन करून सांगितले, “भाऊजी, आज भांडले माझ्याशी,” आणि हसता हसता रडल्या. मीठ काही वाढवले नाही. पण चव परत आली होती.

खोटा डांगोरा पिटायचा नाही. दादांचा उजवा हात आजही पुरता उघडत नाही. औषधाने मेंदूची मेलेली पेशी जिवंत होत नाही. ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस आले. अर्धांग झाल्यावर सगळ्यांनाच सरसकट सहा महिने फ्लुओक्सेटिन ही उदासीनतेची गोळी दिली, तर हातापायाची ताकद जास्त सुधारत नाही असे दिसले. नव्याने उदासी येण्याचे प्रमाण कमी झाले, पण हाडे मोडण्याचे वाढले. म्हणून मेडिकलमधून स्वतःच गोळी आणून देऊ नका. तपासून, ज्याला आजार आहे त्यालाच, आणि आधीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवूनच हे औषध घ्यायचे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळीबरोबर तर विशेष जपून. मग उपयोग काय? उपयोग हा, की उदासी उतरली की माणूस व्यायाम करतो, वेळेवर गोळ्या घेतो, जेवतो. उदासी तशीच राहिली तर हातपाय सुधारायचे थांबतात आणि मृत्यूचा धोकाही वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

दादांच्या मागे पेन्शन होती, शिकलेला मुलगा होता. ज्याच्या मागे काही नाही त्याचे काय? आमच्या ओळखीची एक ऊसतोड बाई आहे. पन्नाशीच्या आत तिच्यावरून वारं गेलं. आपल्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई पडली आणि नवरा अर्धा कोयता झाला. मुकादमाची उचल तर दोघांच्या नावाची घेतलेली. दिवाळीनंतर नवरा, मुलगा आणि सून कारखान्याला गेले. ही सासूजवळ राहिली. सासूला दिसत नाही, हिला उठता येत नाही. मी कागदासाठी गेलो तेव्हा ती म्हणाली, “माझ्यापायी फिटंना झालं. मी मेलेली बरी.” तिची उचल खरी, तिची काळजी खरी. कर्जाला गोळी नाही. पण ‘मी मेलेली बरी’ हे त्या कर्जातून आपोआप निघालेले वाक्य नाही. उचल वस्तीतल्या पन्नास घरांवर आहे. सगळे असे म्हणत नाहीत. परिस्थितीच्या जखमेवर मेंदूची जखम बसली की असे वाक्य निघते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि दोन्ही करावे लागतात. तिला आशाताईंच्या मदतीने दवाखान्यात नेले, उपचार चालू आहेत. वस्तीतल्या बायांनी पाळी लावून रोज एकीने तिच्याकडे बसायचे ठरवले. घरात ठेवलेली फवारणीची औषधे शेजारच्या घरी कुलपात ठेवली. ‘मेलेलं बरं’ हे शब्द ऐकले की एवढे तरी त्याच दिवशी करायचे. ‘बोलण्याची पद्धत आहे’ म्हणून सोडून द्यायचे नाही.

इलाज फार लांब नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची सोय आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावला तर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही बोलता येते. रुग्णाने लावावा, तसा सांभाळणारानेही लावावा. सांभाळणारी बाईही महिनोन्महिने झोपलेली नसते, तिचीही मजुरी बुडालेली असते, आणि तिला तर कुणी ‘कशी आहेस’ म्हणूनही विचारत नाही.

शेवटी एक काम सुचवतो. आपल्या प्रत्येक वस्तीत मंडळ आहे, महिला मंडळ आहे. वर्गणीची यादी आपण करतोच. एक यादी आणखी करा. आपल्या वस्तीत वारं गेलेली माणसे किती? त्यांचा रक्तदाब महिन्याला कोण तपासते? आणि गेल्या दोन आठवड्यांत त्यांच्याजवळ बसून, झोप लागते का, जेवण गोड लागते का, जगावंसं वाटते का, हे कुणी विचारले? पहिल्या दोन रकान्यांना बहुतेक ठिकाणी काहीतरी उत्तर मिळेल. तिसरा रकाना कोरा निघेल. या रविवारी तो भरायला सुरुवात करावी.